बोनेटखालचा दांडा

पौष निम्मा सरला की आमच्या बोरीच्या शेतात ज्वारी हुरड्यात येते आणि घरचे मला न्यायला येतात. चला, नुसतं बाजेवर बसा, काही करू नका, म्हणतात. मी जाते. न जाऊन करू काय? नाही गेले तर म्हातारी रुसली म्हणून सगळीकडे बोभाटा, आणि गेले तर तिथं तो दांडा असतो.

दांडा म्हणजे दोन हात लांबीची एक लोखंडी नळी. मधे जराशी वाकवलेली, दोन्ही टोकांना जाड पत्र्याचे कान आणि कानांना बोल्टची भोकं. आमचा गडी त्यानं आगटीतला विस्तव उकरतो, गोवऱ्या सारतो, भाजलेली कणसं पुढं ओढतो. विस्तवात राहून राहून काळाकुट्ट झालाय. यंदा नातसून, माझ्या लेकीची सून, पहिल्यांदाच हुरड्याला आली होती. शहरातली पोर, तिला सगळ्याची चौकशी. तिनं विचारलं, "आजी, हे कशाचं हो?"

"मोटारीचं," मी म्हटलं.

"मोटारीत असं काय असतं?"

"नसतं. आम्ही बसवलं होतं."

"मग काढलं कशाला?"

"तू हुरडा खा आधी. गार झाला की चामट लागतो."

तिला वाटलं असेल, सासरची म्हातारी खाष्ट आहे. आहेच मी. पण एका हातात गूळ आणि एका हातात दही घेऊन बसलेल्या पोरीला हे काय सांगायचं आणि कुठून सांगायचं? घरी आले, हातपाय धुतले, तरी कपड्यांना आगटीचा धूर होताच. मग लिहायला बसले.

माझ्या नवऱ्याला सगळी बोरी अप्पा म्हणायची, म्हणून इथं मीही अप्पाच म्हणते. तोंडावर मात्र जन्मभर 'अहो'. आमचं किराणा-भुसाराचं दुकान, थोडी शेती, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती आणि दारात मोटार. मोटार ही काय ती अप्पांची चैन. परभणीचा एक वकील वापरून वापरून विटल्यावर अप्पांनी ती घेतली. गोल पाठीची, पिस्त्याच्या रंगाची. तिचं माझ्या बाजूचं दार एका आपटण्यात कधी लागलंच नाही. रोज सकाळी अप्पा तिला ओल्या फडक्यानं पुसायचे, आणि मी ओसरीतून म्हणायचे, "सवत आणून ठेवलीय दारात." अप्पा पुसता पुसता म्हणायचे, "सवत हाय, पन उलटून बोलत तरी न्हाई."

ती वर्षं विद्यापीठाच्या नामांतराची. सकाळी सुटलेली येष्टी संध्याकाळी परत येईल याचा भरवसा नसायचा. कुठं रस्ता अडवलेला, कुठं बंद, कुठं नुसतीच अफवा. मग अडलेलं माणूस आमच्या दारात. बौद्धवाड्यातला किसन असाच एकदा भर दुपारी आला. बायको बाळंतपणात अडलेली, सुईणीनं हात टेकलेले. त्याला आमच्या पायरीशी पाहून शेजारच्या दोघा-तिघांनी अप्पांना बाजूला घेतलं. "अप्पा, दिवस कसे चाललेत बगा जरा." अप्पा म्हणाले, "शिवशरणांचं नाव घ्यायचं आन् दारातला मानूस माघारी धाडायचा, हे मला जमायचं न्हाई." आणि किल्ली घेऊन निघालेसुद्धा. गाडी परत येईस्तोवर माझा जीव टांगणीला. दिवेलागणीला आले ते हसत. पोरगं झालं होतं. मी आधी लिंगाला हात लावला आणि मग अप्पांवर तोंड सोडलं. भीती उतरली की मला राग चढतो, ही माझी जुनीच खोड.

त्या रस्त्यांनी आणि कापसाच्या हंगामात टपावर लादलेल्या बोचक्यांनी मोटारीचं पुढचं अंग खिळखिळं झालं. हळू चालली की ठीक. जरा वेग घेतला की तिचं तोंड हलायला लागायचं. आधी स्टेरिंग थरथरायचं, मग काच, मग माझ्या मांडीवरचा डबा. "गाडीचं तोंड हलायलंय," अप्पा म्हणायचे. हे वाक्य आमच्या घरात इतकं झालं होतं की आमची गिरिजा लहानपणी बाहुलीलाही म्हणायची.

आणि त्या वर्षी त्याच गिरिजाचं लग्न ठरलं. आमची एकुलती एक लेक. मुलगा पूर्णेचा, रेल्वेत नोकरीला, माणसं सालस. माघातली तीथ निघाली. बैठक उठता उठता अप्पांनी व्याह्यांना सांगून टाकलं, "एक इनंती हाय. लेकीला माझ्या मोटारीतून पाठवीन. नवरा-नवरी मागं बसतील आन् मी चालवीन. पूर्णेला तुमच्या दारात मी सोतः उतरवीन तिला." असं कोणी करत नाही. नवरी ही नवरदेवाच्या माणसांबरोबर जाते, बाप दारात उभा राहून उपरण्यानं डोळे पुसतो. पण व्याही हसून हो म्हणाले. गिरिजा आतल्या खोलीत ऐकत होती. तिचा चेहरा मी पाहिला. सासरी जायचं म्हणून धास्तावलेली पोर, तिला एवढ्या एका गोष्टीनं बळ आलं होतं. रस्ताभर समोर अप्पांची पाठ दिसणार होती.

त्या दिवसापासून अप्पांना एकच ध्यास. लग्नाच्या आत गाडीचं तोंड हलायचं थांबलं पाहिजे.

त्या पौषातला हुरडा मला आठवतो तो असा, की आठवू नये वाटतं. शेतात सगळी जमली होती. गूळभेंडी ज्वारीची कणसं आगटीतून निघत होती, धूर वारा येईल तसा तोंडावर येत होता. कणसं चोळायला अप्पांसारखा हात कुणाचा नव्हता. गरम कणीस घ्यायचं, तळहातावर मुठीनं रगडायचं, फुंकर मारायची, की हिरवा लुसलुशीत दाणा समोरच्याच्या ताटलीत. स्वतः खायचे सगळ्यांच्या शेवटी. त्या दिवशी सगळ्यांचं झालं, अप्पा गप्पा मारत बसले, आणि माझं लक्ष त्यांच्या डाव्या हाताकडे गेलं. हातात कणीस नव्हतं. तरी अंगठा बोटावर फिरत होता. हळूहळू, एका लयीत, दाणा चोळावा तसा.

"अहो, आता काय चोळायलाव?" मी म्हटलं. "कणसं संपली की."

सगळे हसले. अप्पांनी हाताकडे असं बघितलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. मग ते पण हसले आणि हात शर्टाच्या खिशात घातला. मला वाटलं, सवयीनं फिरत असेल. इतकी कणसं चोळली की कुणाचाही हात फिरेल. संध्याकाळी येताना गाडीचं तोंड नेहमीसारखं हललं, अप्पा नेहमीसारखे तिच्यावर चिडले, आणि मी ते विसरून गेले.

दुसरी एक गोष्ट मी विसरले नाही, कारण तिचा मला राग आला होता. आमच्यात बाईही लिंग धारण करते. लग्न झाल्यापासून सकाळी अंघोळ करून आम्ही दोघं शेजारी शेजारी बसायचो. गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, उजव्या हातानं पाणी, विभूती, बेलाचं पान वाहायचं, आणि मग त्याच्याकडे बघत राहायचं. डोळा हलू द्यायचा नाही. बोलायचं नाही. घरात लेकरू रडो, दुकानात गिऱ्हाईक हाका मारो, तेवढा वेळ आमचा. त्या पौषात अप्पांनी एके दिवशी आपलं आसन उचललं आणि भिंतीकडे तोंड करून बसले. माझ्याकडे पाठ. मी विचारलं तर म्हणाले, "दारातून उजेड डोळ्यावर येतो." इतकी वर्षं उजेड आला नाही, आणि आताच आला? मी फुगून बसले. दोन दिवस बोलले नाही. त्यांनीही विचारलं नाही, का गं बोलत नाहीस म्हणून. ते मला जास्त लागलं.

परभणीला जिंतूर नाक्यापाशी उस्मानभाईचं गॅरेज होतं. माणूस बोलायला मोठा गोड आणि बढाया मारण्यात त्याहून मोठा. त्यानं आधी चाकाचे बुश बदलले, मग पिनी बदलल्या, मग टायर अदलाबदल केले. दर वेळी म्हणायचा, "अप्पा, आता गाडी मक्खन." आणि वाटेतलं झरी गाव यायच्या आत मक्खन वितळायचं. शेवटी एकदा त्यानं बोनेट उघडून अप्पांना वाकायला लावलं. मीही वाकले. लग्नाच्या खरेदीला आले होते, पण बस्त्याच्या दुकानाऐवजी मला त्या तेलकट खड्ड्याशीच उभं राहावं लागत होतं.

"हे बगा," उस्मानभाई म्हणाला. "इंजनच्या या बाजूला हा खांब, त्या बाजूला तो. याच्यावर स्प्रिंगा बसतात. गाडी झाली बुड्ढी, पत्रा थकला. आता हा खांब आपल्या मर्जीनं हलतो, तो आपल्या मर्जीनं. दोघांना एका दांड्यानं बांधून टाकायचं. मग एकटा कुनी हलत न्हाई. हलले तर दोघं मिळून."

"म्हणजे लग्नच लावायचं म्हणा की," मी म्हटलं.

"बरोबर भाभी. लगीनच."

दांड्यासाठी अप्पांनी घरून नळी आणली. आमच्या विहिरीवरचा जुना पंप काढला तेव्हाची, गोठ्यात पडून होती. उस्मानभाईनं ती कापली, टोकांना कान जोडले, इंजिनावरून आडवी बसवली, बोल्ट आवळले आणि मोठ्या थाटात बोनेट खाली टाकलं. ते बसेचना. दांडा चार बोटं वर आला होता. उस्मानभाई बोनेटवर बसला, त्याचा भाऊ बसला, अप्पापण टेकले. तिघं बसले तेव्हा लागलं, आणि उठले तेव्हा उघडलं. मी हसून हसून बाकावर बसले. अप्पासुद्धा इतके हसले की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या सगळ्या हंगामातलं ते आमचं शेवटचं मोकळं हसणं, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

मग दांडा पुन्हा काढला, लाल होईस्तोवर तापवला, मधे वाकवला. वाकवल्यावर कमजोर नको म्हणून कान दुप्पट जाड लावले. बसवायच्या आधी अप्पांनी खिशातली विभूतीची पुडी काढली आणि त्यावर तीन बोटं ओढली. उजव्या हातानं. डावा खिशातच होता.

उस्मानभाईला ऐट दाखवल्याशिवाय चैन कुठलं. त्यानं स्टीलचं फुलपात्र काठोकाठ भरून स्टेरिंगपुढच्या फळीवर ठेवलं आणि म्हणाला, "सांडलं तर गॅरेज तुमचं." आधी तो चालवायला बसला, शेजारी अप्पा, मागं मी. जिंतूर रस्त्याला लागलो. नुकतंच डांबर पडलेलं, दोन्ही बाजूंना उभी ज्वारी. त्यानं वेग वाढवला. मी सवयीनं डबा घट्ट धरला. काही झालं नाही. काच गप्प, फळी गप्प, फुलपात्रातलं पाणी नुसतं चमकत होतं. उस्मानभाईनं दोन्ही हात सोडून वर केले तरी गाडी सरळ. "बगा अप्पा! बगा!" तो ओरडला. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा त्या सवतीचं कौतुक केलं. गिरिजा आरामात जाईल, असं माझ्या मनात आलं.

गाडी बाजूला घेऊन अप्पा चालवायला बसले. उस्मानभाई शेजारी आला. अप्पांनी हळूच उचलली, मग वेग घेतला. मी मागून बघत होते.

पाणी तसंच होतं. काच गप्प होती. आणि अप्पांच्या हातातलं स्टेरिंग थरथरत होतं.

मोठं नाही, बारीक. उजवा हात दगडासारखा, डाव्या हाताखालचा भाग तेवढा हलत होता. अप्पांनी पकड आवळली. नखं पांढरी पडली. ते जास्तच हललं. त्यांनी डावा हात उचलून मांडीवर ठेवला, तर स्टेरिंग थांबलं आणि मांडीवर हात हलत राहिला, धोतराचा सोगा हलत राहिला. मला कळत होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं. उस्मानभाईनं पाहिलं. मग तो समोर बघत म्हणाला, "रस्ता खराब हाय हो अप्पा इथं."

नवं डांबर होतं. पाणी हललं नव्हतं.

"व्हय," अप्पा म्हणाले. "खराब हाय."

उस्मानभाईला गॅरेजवर सोडून आम्ही बोरीकडे निघालो. बाकीच्या वेळी माझं तोंड बंद होत नाही म्हणून सगळे कावतात. त्या दिवशी मी काय बोलले असते? तुमचा हात हलतोय, म्हणू? की काही नाही, म्हणू? दोन्ही म्हणवेना. इतकी वर्षं गाडी हलत होती, तिच्या हलण्यात तो हात कधीपासून लपून बसला होता कोण जाणे. गाडी थांबली आणि तो उघडा पडला.

लग्न आठवड्यावर आलं. मांडवाच्या मेढी पुरल्या, दळणं झाली, गव्हल्या-कुरडयांचे डबे भरले. अशात एके दिवशी अप्पा न सांगता-सवरता परभणीला गेले. दुपारी आले. मागच्या सीटवर तो दांडा पडला होता.

माझा भडका उडाला. "अहो, एवढा आटापिटा करून बसवलं आन् काढून आणलं? लेकीला पोचवायचंय ना?"

"बोनेट नीट बसंना."

"बसत होतं! माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी!"

"बसत नव्हतं," ते म्हणाले, आणि दांडा उचलून गोठ्यात ठेवून आले. मी ओरडत होते आणि ते ऐकून घेत होते. एरवी त्यांनीही दोन शब्द सुनावले असते. मला वाटलं, लग्नाच्या धावपळीत माणसाचं डोकं ठिकाणावर नाही.

लग्न छान झालं. पाठवणीची वेळ आली. मोटार झेंडूच्या माळांनी सजवून दारात उभी. गिरिजा माझ्या गळ्यात पडून रडली आणि मग मोटारीकडे निघाली. अप्पा मधे आले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात व्याह्यांना म्हणाले, "गाडीचं तोंड हलायलंय हो. लय विलाज केले, न्हाई बसलं. लेकराच्या जिवाशी खेळ नको. तुमच्या जीपमधी जाऊ द्या."

व्याही म्हणाले, "काय हरकत न्हाई अप्पा, जुनी गाडी हाय, व्हतंच असं." दोघं-चौघं मोटारीला हसले. कुणीतरी म्हणालं, भंगारात काढा आता.

ओवाळणीचं ताट हातात घेऊन मी उभी होते, आणि तेव्हा मला समजलं. दांडा त्यांनी का काढून आणला ते. हात हलतो असं सांगायचं नव्हतं, म्हणून गाडी हलती ठेवायची होती. रोज ओल्या फडक्यानं पुसलेल्या मोटारीला त्यांनी चारचौघांत हसू दिलं. आणि खोटं बोलायची सवय नसलेला माणूस, त्याला ते खोटं खरं करून ठेवायचं होतं, म्हणून दांडा काढून गाडी परत खिळखिळी करून आणली होती.

गिरिजा म्हणाली, "अप्पा, तुमी चालवणार होतात ना? हळू चालवा. हलली तर हलू द्या. माझा काय बी हट्ट न्हाई लवकर पोचायचा."

"न्हाई माय," अप्पा म्हणाले. त्यांनी उजवा हात तिच्या डोक्यावर ठेवला. डावा उपरण्यात गुंडाळलेला होता, आणि उपरण्याची झालर हलत होती. तिनं रडत रडत त्यांचा तो हात शोधला, धरायला. ते मागं सरकले. बाप रडू लपवायला मागं सरकला, असं सगळ्यांना वाटलं. मी एकटी उभ्या जागी जळत होते. सगळं माहीत असून मला एक शब्द बोलता येत नव्हता, कारण बोलले असते तर त्यांनी एवढ्यासाठी केलेलं सगळं मातीत गेलं असतं. जीप गेली. धूळ बसली. झेंडूच्या माळा घातलेली मोटार तशीच दारात.

पुढं डॉक्टरांना दाखवून झालं. परभणीच्या डॉक्टरांनी कंपवात म्हणून नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि हे जायचं नाही, सांभाळून राहायचं, असंही सांगितलं. नाव कळल्यानं काय होतं? आधी बिननावाचं हलत होतं, आता नावाचं हलायला लागलं. मी नवस बोलले, भांडले, देवाशी तर रोजच भांडले. कप-बशी मी बदलून पेला केला, कारण बशी वाजायची. एवढंच माझ्या हातात होतं.

मोटार आम्ही विकली नाही. निंबाखाली उभी असायची. संध्याकाळी दुकान बंद करून अप्पा तिच्यात जाऊन बसायचे आणि इंजिन चालू करायचे. दांडा नव्हता, त्यामुळं उभ्या जागी सगळी मोटार हलायची, काच हलायची, स्टेरिंग हलायचं आणि त्यावरचे त्यांचे दोन्ही हात हलायचे. त्या हलण्यात कुठलं कुणाचं ते ओळखू यायचं नाही. एकदा मीही जाऊन शेजारी बसले. दार पुन्हा पुन्हा आपटलं.

"कुठं निघालाव?" मी विचारलं.

"पूर्णेला. लेकीकडं."

मी पदर नीट केला. म्हटलं, "झरी आली का?"

"मागं पडली की. तुझं लक्ष कुठाय?"

"मग परभणीत थांबा जरा, तिला खारी घेऊ."

"बरं."

परभणीपुढच्या पिंगळीपर्यंत आम्ही असे गेलो. तिथं मला पुढचं बोलवेना. अप्पांनी इंजिन बंद केलं. मोटार थांबली, आणि हात थांबला नाही. दोघंही तिकडं बघत बसलो.

नामांतर झालं त्या संक्रांतीला किसन पेढे घेऊन आला. गावात दबकून होतं सगळं, तो मागच्या दारानं येईल असं मला वाटलं होतं. समोरून आला. अप्पांनी पेढा घ्यायला चुकून डावा हात पुढं केला आणि पेढा खाली पडला. किसननं काही विचारलं नाही. दुसरा पेढा काढला, अप्पांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला, त्यावर पेढा ठेवला आणि ते खाईपर्यंत धरूनच ठेवला. मला ते बघून इतकं रडू आलं की मी तिळाचा डबा आणायच्या निमित्तानं आत पळाले. मला जे सुचलं नव्हतं, ते किसनला सुचलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा भिंतीकडे तोंड करून पूजेला बसले होते. मी माझं आसन उचललं आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. पाहिलं. तळहातावर लिंग हिंदकळत होतं. बेलाचं पान घसरून मांडीवर आलं होतं. आता पडेल, मग पडेल, या भीतीनं त्यांना घाम फुटला होता. रोज सकाळी हे चाललं होतं, माझ्याकडे पाठ करून. आमच्यात एकाच्या लिंगाला दुसऱ्यानं हात लावायचा नसतो, नवरा-बायकोनंही नाही. मी लिंगाला लावला नाही. त्यांच्या तळहाताखाली माझा तळहात धरला.

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. लिंगाकडेच बघत राहिले.

मला वाटलं होतं, माझ्या आधारानं हात थांबेल. थांबला नाही. माझाही त्यांच्याबरोबर हलायला लागला. पण लिंग पडलं नाही. त्या दिवसापासून माझी पूजा मी त्यांच्या नंतर करायचे, एकटीनं.

अशी कितीतरी वर्षं गेली. मोटार भंगारात गेली, दांडा गोठ्यातून शेतावर गेला. अप्पांचा दुसरा हात हलायला लागला, मग मान. गिरिजाला बापाचं दुखणं कळलं, पण पाठवणीच्या दिवसाचं अप्पांनी तिला कधी सांगितलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

अप्पा लिंगैक्य झाले तेव्हाही हुरड्याचेच दिवस होते. आमच्यात बसवून नेतात. ओसरीत भिंतीला टेकवून त्यांना बसतं केलं, कपाळी विभूती लावली, आणि उचलण्याआधी जंगमस्वामींनी शेवटची पूजा मांडली. गळ्यातलं लिंग काढून अप्पांच्या डाव्या तळहातावर ठेवलं, वर बेलाचं पान वाहिलं. मी शेजारी बसले होते, माझ्या नेहमीच्या जागी. सवयीनं माझा हात त्यांच्या हाताखाली गेला.

स्वामी हळूच म्हणाले, "आक्का, राहू द्या. आता पडत न्हाई."

मी हात काढून घेतला. लिंग जागच्या जागी होतं. बेलाचं पानसुद्धा हलत नव्हतं. सगळे हात जोडून उभे होते आणि मी त्या हाताकडे बघत मनातल्या मनात म्हणत होते, अहो, हलवा की. एकदा हलवा.